खेळण्याचं माप

स्टोअरमध्ये बूट घ्यायला गेलं की स्टोअरमनचा पहिला प्रश्न असतो, "नंबर?" आठ नंबरच्या पायाला नऊ नंबरचा बूट दिला तर जवान तो तिथंच परत करतो. 'राहू दे, पुढं पाय वाढेल' असं कुणी म्हणत नाही, कारण मापाबाहेरचा बूट घालून दहा किलोमीटर चाललं की टाचेचं काय होतं ते आम्हाला माहीत असतं. पण हाच जवान सुट्टीवर निघाला की पोरासाठी खेळणं घेताना नंबर विचारत नाही. स्टेशनबाहेर जे चमकतं, वाजतं, पळतं ते उचलतो आणि ट्रंकेत टाकतो. मीही उचललंय, म्हणून बोलतोय.

मुलगी झाली तेव्हा मी जम्मूकडं होतो. पहिली सुट्टी संपवून निघालो तेव्हा ती पाच महिन्यांची होती. नुकतीच पालथी पडायला शिकली होती. हातात काहीही दिलं की तोंडात घालायची. नऊ महिन्यांनी परत आलो ते ट्रंकेत चांगला मोठा खुळखुळा घेऊन. दार उघडलं तर समोरून दोन पायांवर डुलत एक पोर आलं आणि मला बघून आईच्या पदराआड शिरलं. बऱ्याच वेळानं खुळखुळा घेतला, एकदा हलवला आणि टाकून दिला. तो मी माझ्या लक्षात राहिलेल्या मुलीसाठी आणला होता. ती मुलगी आता घरात नव्हती.

पुढच्या खेपेला मी चूक सुधारायला गेलो आणि दुसऱ्या टोकाला पोचलो. मणी ओवायचा संच आणला. डब्यावर ६+ असं छापलेलं होतं, ते मी वाचलंही होतं. मुलगी अडीच वर्षांची. पण आपली पोर हुशार आहे, चार शब्द जास्त बोलते, तिला जमेल. सगळ्या बापांचं असंच असतं. दोन दिवस घरभर मणी. मग तिचं नाक वाहायला लागलं. मी म्हणालो, सर्दी झाली असेल. बायको म्हणाली, "अहो, सर्दी दोन्हीकडून वाहते. हिची एकच नाकपुडी वाहतीय आणि वास येतोय." रात्री तिला मोटरसायकलवर घेऊन गडहिंग्लजला गेलो. डॉक्टरांनी वाकड्या टोकाची बारीक सळई घालून मणी काढला. हिरवा होता. बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, की नाकात गेला म्हणून निभावलं, श्वासनळीत गेला असता तर गावातून इथं पोचायला वेळ मिळाला नसता. सीमेवर मला जेवढी भीती वाटली नाही तेवढी त्या पायरीवर उभं राहून वाटली. मणी आणणारा मीच होतो.

तेव्हापासून मी खेळण्यांच्या डब्यावरचं वाचायला लागलो. आता बेंगळुरूला पीस पोस्टिंग आहे, फॅमिली क्वार्टर मिळालंय, मुलगी अकरा वर्षांची आहे आणि मुलगा चार. आमच्या ब्लॉकमधले तरुण जवान कॅन्टीनमधून खेळणं आणलं की मला दाखवतात, थोडं चेष्टेनं, थोडं खरंच. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

डब्यावरचं वय हे हुशारीचं माप नाही. आपल्याकडं बहुतेकांचा गैरसमज इथंच आहे. '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' याचा अर्थ 'तीन वर्षांखालच्याला हे समजणार नाही' असा नसून 'याचा तुकडा त्याच्या घशात बसेल' असा आहे. खेळणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यासाठी एक छोटी नळी असते. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. तळ तिरका, एका बाजूला एक इंच खोल आणि दुसऱ्या बाजूला सव्वादोन इंच. लहान मुलाच्या तोंडाचा आणि घशाचा अंदाज घेऊन ती केलेली आहे. खेळणं किंवा त्याचा सुटणारा तुकडा न दाबता त्या नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही. पोरगं कितीही हुशार असो, त्याचा घसा सव्वा इंचाचाच.

आपल्याकडं १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. माझ्या मण्यांच्या डब्याच्या वेळी तो सक्तीचा नव्हता. अर्थात शिक्का असता तरी मी तो डबा आणलाच असता. शिक्का खेळण्याची हमी देतो, बापाची देत नाही. आणि रस्त्यावर पसरलेल्या मालावर शिक्का शोधून सापडत नाही. तिथं आपलेच डोळे. चाक ओढून बघा, निघतंय का. डोळा नखानं उचकटून बघा. आणि बॅटरीचं झाकण स्क्रूनं बसवलेलं आहे की नुसतं सरकतं, हे बघितल्याशिवाय दिवे लागणारं काहीही घेऊ नका. ती बटणासारखी चपटी बॅटरी पोटात नीट गेली तर ठीक, पण अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजायला लागते. छोट्या ताकदवान चुंबकांचंही तसंच. एक गिळला तर बाहेर पडेल, पण दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात. हे वाचून एखाद्याला वाटेल, सुभेदारसाहेब घाबरवतायत. हो, घाबरवतोय.

आता दुसरी बाजू. धोका टाळला म्हणजे खेळणं मापाचं झालं असं नाही. बूट चावत नाही, पण त्यात चालताही येत नाही, असंही होतं.

मुलगा दहा महिन्यांचा असताना घरी एक वॉकर आला. प्रेमानं आला होता, मेहुण्यानं आणला. खाली गोल चाकं, वर मऊ बैठक, समोर वाजणारी बटणं. पोराला त्यात ठेवलं की ते पायाच्या बोटांनी जमीन ढकलत घरभर भिरभिरायचं. सगळे खूश. आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरून बघत होते. ते म्हणाले, "ह्यो चालत न्हाई, ह्यो बसून ढकलतोय." मग माळ्यावर चढून त्यांनी माझा पांगुळगाडा खाली काढला. गावच्या सुतारानं बाभळीचा केलेला, तीन चाकांचा, दांड्याला माझ्या दातांच्या खुणा असलेला. एक चाक फुटलं होतं, ते दुसऱ्या दिवशी बसवून आणलं.

ज्यांनी पांगुळगाडा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात मूल बसत नाही. मागं उभं राहतं, दांडा धरतं आणि ढकलतं. आपलं वजन आपल्या पायांवर. गाडा पुढं पळाला तर मूल पडतं, आणि दोनदा पडलं की तो किती जोरात ढकलायचा हे त्याच्या हातांना कळतं. ज्याला उभं राहता येत नाही त्याला पांगुळगाडा चालवताच येत नाही, म्हणजे त्याचं माप त्याच्यातच आहे. वॉकरचं उलटं. ज्याला उभं राहता येत नाही त्यालाही तो वेग देतो. पायरी, चूल, गरम चहाचा कप, सगळीकडं पोचवतो. आणि त्यानं मूल लवकर चालतं हा समजही खोटा. कॅनडानं २००४ साली वॉकर विकायला आणि आयात करायला सरळ बंदी घातली. आमच्या घरी बंदी आबांनी घातली. मेहुणा काही दिवस रुसला होता.

बेंगळुरूला आल्यावर एका रविवारी युनिटमधल्या एका मित्राबरोबर चन्नपट्टणला गेलो. म्हैसूर रस्त्यानं साधारण साठ किलोमीटर. रंगीत लाकडी खेळण्यांचं गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे, त्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. टिपू सुलतानानं पर्शियातून कारागीर बोलावले तेव्हापासून हे सुरू झालं असं तिथं सांगतात. मी इतिहासासाठी नव्हतो गेलो, पण लेथसमोर तासभर उभा राहिलो. आपल्याकडं ज्याला काळा कुडा म्हणतात त्या झाडाचं पांढरट, हलकं लाकूड ते वापरतात. लाकूड फिरत असतं, कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घासून निर्माण झालेल्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते. ब्रश नाही, डबा नाही. मग केवड्याच्या जातीचं सुकं पान दाबून धरतो आणि चकाकी येते. पारंपरिक पद्धतीत पिवळा रंग हळदीचा, निळा निळीचा. कडा सगळ्या गोल. मूल हे तोंडात घालणार हे गृहीत धरूनच केलेलं काम.

तिथं दुकानात उभा राहून मी एक गंमत बघितली. आलेले पाहुणे बहुतेक वेळा शोभेच्या वस्तू घेत होते. नाचणारी बाहुली, बैलगाडी, भिंतीवरचं काहीतरी. आणि साध्या वस्तू, म्हणजे ओढायची गाडी, एकावर एक रचायच्या चकत्या, भोवरा, या खाली धूळ खात होत्या. सावंतवाडीलाही मी हेच बघितलंय. चितार आळीतून लोक लाकडी फळं आणतात ती शोकेसमध्ये ठेवायला. आमच्या मुलीनं ती भातुकलीत वापरून त्यांचा रंग उडवला, तेव्हा एका नातेवाईक बाईंनी हळहळ व्यक्त केली. मला वाटतं त्या सीताफळाचं सोनं झालं.

एक सांगायला हवं. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि मानांकन असलेल्या खेळण्यांना त्या शिक्क्याच्या सक्तीतून सूट आहे. म्हणून चन्नपट्टणच्या खेळण्यावर आयएसआय दिसला नाही तर दचकू नका, पण ते हातात घेऊन तपासायचं कामही सोडू नका. खुंटी ओढा. दोरी किती लांब आहे बघा, पाळण्यातल्या बाळाजवळ लांब दोरी नको. पारंपरिक आहे म्हणून सगळं आपोआप मापाचं होत नाही. आमच्या लहानपणी गजगे खेळणाऱ्या पोरींच्या मांडीवर धाकटी भावंडं बसलेली असायची, आणि गजगा सव्वा इंचाच्या नळीत आरामात जातो.

वयाबद्दल आणखी एक. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एका हवालदाराची मुलगी आहे, सात वर्षांची. तिची वाढ वेगळ्या वेगानं होतेय. वाढदिवसाला लोक सात वर्षांच्या मुलीची खेळणी आणतात, ती कपाटात जातात, आणि आईबापांना दर वेळी तोच चटका. तिचं खेळणं कॅलेंडर बघून निवडायचं नसतं, तिचे हात बघून निवडायचं असतं. खरं तर सगळ्याच मुलांचं असं आहे, आपल्याला फक्त या मुलांमुळं ते लक्षात येतं. बेंगळुरूत 'किलिकिली' नावाची एक संस्था आहे. अपंग आणि इतर मुलं एकत्र खेळतील अशी मैदानं तिनं महापालिकेबरोबर काम करून इथल्या काही बागांत उभी केली. आमच्या छावणीच्या बाजूला कोल्स पार्कमध्ये असं एक आहे. या हवालदाराला मी तिथं पाठवलं. त्याला आधी संकोच वाटला. तिथं कोण कुठल्या वयाचं आहे हे पोरं एकमेकांना विचारत नाहीत.

खेळण्याच्या वस्तूंबद्दल मी इतकं लिहिलं, पण माझं खरं म्हणणं वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. खेळायला वस्तूपेक्षा जागा जास्त लागते, आणि जागेपेक्षा मोकळीक.

आम्ही इथं आलो त्या पहिल्या महिन्यात पोरांना कब्बन पार्कला नेलं. बालभवनातली छोटी आगगाडी दाखवायची होती, तिला पुट्टाणी एक्सप्रेस म्हणतात. तिकिटाच्या रांगेत मी बराच वेळ होतो. तेवढ्यात दोघं मागं गायब. शोधत गेलो तर एका मोठ्या झाडाच्या उघड्या मुळांवर चढत होती, उड्या मारत होती, पुन्हा चढत होती. तिथल्याच एका कन्नड पोराबरोबर. भाषा काहीच जुळत नव्हती, खेळ मात्र चालू होता. मी हातात तिकिटं घेऊन हाका मारतोय, "अरे चला, गाडी सुटेल!" दोघं तोंड पाडून आली, गाडीत बसली, गाडी फिरली, उतरली. घरी जाताना दोघांच्या तोंडी त्या मुळांचीच गोष्ट. रांगेत उभं राहून मी त्यांचा खेळ मोडला होता.

आणि हा आपल्या वर्दीवाल्यांचा खास दोष आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. खेळ म्हटलं की आपल्याला पी.टी. दिसते. संध्याकाळी क्वार्टरच्या मैदानावर बघा, एखादा बाप पाच वर्षांच्या पोराला रांगेत उभं करून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतो. "चल, एक और! शाबास!" पोरगं दमतं, रडकुंडीला येतं, बाप म्हणतो स्टॅमिना वाढतोय. मित्रांनो, रंगरूट अठरा वर्षांचा असतो. त्याच्या हाडांचं, फुप्फुसांचं आणि मनाचं माप वेगळं. लहान मूल दहा मिनिटं सुसाट पळतं, मग बसून मुंग्या बघतं, मग परत पळतं. ते आळशी नाही, त्याचं शरीर तसंच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. दिवसभरात मिळून, हे शब्द महत्त्वाचे. सलग नाही, शिट्टीवर नाही. अंगणात, जिन्यात, बाजाराच्या वाटेवर, पलंगावरून उडी मारण्यात ती मिनिटं जमतात. रांगत नसलेल्या बाळालाही जागेपणी दिवसातून अर्धा तास पोटावर ठेवायला त्यांनी सांगितलंय. त्याला कुठलंच खेळणं लागत नाही. एक सतरंजी आणि समोर पालथा पडलेला बाप, एवढं पुरतं.

ज्यातून मूल कधीही उठून जाऊ शकतं तो खेळ. जिथून ते उठू शकत नाही ती परेड.

मोबाइलबद्दल उपदेश करायला मला लाज वाटते, कारण आमच्या लेकरांच्या दृष्टीनं कित्येक महिने मोबाइल म्हणजेच बाप. बाप त्या काचेत राहतो. रात्री आठ वाजता उजळतो, 'जेवलास का' विचारतो आणि रेंज गेली की थिजतो. व्हिडिओ कॉलवर बोलण्याला मी काहीच म्हणणार नाही. पण कॉल संपल्यावर फोन पोराच्या हातातच राहतो, तिथून पुढं प्रश्न आहे. याच बेंगळुरूत निम्हान्समध्ये २०१४ पासून मोबाइल आणि इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. म्हणजे दुखणं नवीन नाही आणि छोटंही नाही. आमच्या घरी कॉल संपला की फोन भिंतीवरच्या कप्प्यात जातो. हा नियम बायकोनं केला, मी फक्त सलाम केला.

खेळण्यातल्या बंदुकीचंही सांगून टाकतो, कारण प्रत्येक सुट्टीत कुणीतरी विचारतं, "फौजीच्या पोराकडं बंदूक नाही?" नाही. पोरं काठीची बंदूक करतात, करू देत, ती त्यांची कल्पना. पण हुबेहूब दिसणारी, छर्रे उडवणारी मी आणत नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं की हत्यार कुणावर गंमत म्हणून रोखायचं नाही, रिकामं असलं तरी नाही. जे मी ड्युटीवर करत नाही ते पोराला हॉलमध्ये करायला का देऊ? शिवाय छर्रा डोळ्याच्या मापाचा असतो. कुणाला हे अति वाटेल. वाटू दे.

आता ज्येष्ठांसाठी, जे निवृत्त होऊन या शहरात स्थायिक झाले आहेत. आमचे कितीतरी मराठी साहेब आणि जवान इथं फ्लॅट घेऊन राहतात. हवा चांगली, लष्करी दवाखाना जवळ, कॅन्टीन जवळ. मागच्या महिन्यात अशाच एका ज्येष्ठांकडं जेवायला गेलो होतो. सोसायटीच्या अंगणात पाटी: 'येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.' जिन्यात दुसरी: 'सायकल चालवण्यास मनाई आहे.' हिरवळीवर तिसरी. शंभर-दीडशे घरं, आणि संध्याकाळी सहा वाजता खाली एक पोर नाही. मी सहज विचारलं, पाट्या कुणी लावल्या? ज्येष्ठ थोडे अवघडले. म्हणाले, "कमिटीत मीच आहे रे. गाड्यांच्या काचा फुटतात."

त्यांचा नातू त्याच वेळी आत सोफ्यावर बसून टॅबलेटवर क्रिकेट खेळत होता.

मी वयानं आणि हुद्द्यानं लहान, तिथं काही बोललो नाही, इथं बोलतो. साहेब, आपण आयुष्यभर ज्या छावण्यांत राहिलो तिथं आपल्या पोरांना मैदान आयतं मिळालं. भिंत होती, गेटवर संत्री होता, गाड्यांना वेगाची मर्यादा होती, आणि प्रत्येक बाई प्रत्येक पोराची काकू होती. आपली पोरं धडधाकट वाढली त्याचं श्रेय आपण शिस्तीला देतो. त्यातलं अर्धं तरी त्या मैदानाचं आहे. बाहेर ते मैदान नाही. आता जिथं राहतो तिथं काच वाचवायची की नातवाचे गुडघे फुटू द्यायचे, हे ठरवायचा अधिकार आपल्या हातात आलाय. संध्याकाळी सहा ते सात गाड्या एका बाजूला लावा. रबरी चेंडू द्या. आणि एक माणूस खाली खुर्ची टाकून बसवा. पेन्शनवर असलेल्या माणसाइतका चांगला संत्री या कामाला मिळणार नाही. फक्त शिट्टी घरी ठेवून या.

खेळ शिकवायचीही गरज पडत नाही. आमच्या क्वार्टरच्या मैदानावर तामिळ, गढवाली, मराठी, पंजाबी, ओडिया, सगळी पोरं आहेत. मी एकदा फरशीचे सात तुकडे आणि एक चेंडू ठेवला आणि म्हणालो, लगोरी. दोन कन्नड पोरं लगेच ओरडली, "लगोरी!" त्यांच्याकडंही तोच शब्द. विटीदांडूला ती चिन्नी दांडू म्हणतात, एका पायावर उड्या मारत खापरी सरकवायच्या खेळाला कुंटे बिल्ले. दहा मिनिटांत नियमांवरून भांडण झालं, पंधराव्या मिनिटाला त्यांनी स्वतःच नवीन नियम केला की चार वर्षांखालच्याला चेंडू लागला तरी तो बाद नाही. माझा मुलगा तेव्हा साडेतीनचा. कुणा मोठ्यानं सांगितलं असतं तर हा नियम पाळला गेला नसता. पोरांना एकमेकांचं माप आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

ताराबाई मोडकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं, असं वाटतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात महागडी साधनं नव्हती. शंख-शिंपले, बिया, दगड, पानं. परिसरात जे आहे ते. आणि मोठ्या मुलांसाठी अरविंद गुप्तांचं काम आहे. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घर उभं करायचं. पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी कितीतरी वर्षं टाकाऊतून खेळणी केली. आमच्या मुलीनं गेल्या सुट्टीत ते करून बघितलं. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही आणि चौकोन का तिरका होतो, हे तिनं मला समजावलं. पूल बांधणाऱ्या सॅपर्सच्या शहरात राहून मला ते आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. अर्थात व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे धाकट्यापासून लांब, वरच्या फळीवर. हिरवा मणी मी विसरलेलो नाही.

माझा पोस्टिंगचा हुकूम आलाय. दोन महिन्यांनी निघायचं. यावेळी फॅमिली नेता येणार नाही, ते तिघं गावी जातील, राणी चेन्नम्मानं बेळगावपर्यंत आणि तिथून एस.टी.नं. मी पुन्हा फोनमधला बाप होणार. परवा रात्री जेवण झाल्यावर बायको आणि मी एक वही घेऊन बसलो. सुट्टीवर यायच्या आधी ती मला 'पोराला काय पाहिजे' हे कळवणार नाही. चार वर्षांच्या पोराला सगळंच पाहिजे असतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती कळवणार, त्याला आता काय काय येतंय. पहिलं पान आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. एका पायावर उड्या: चार, मग पडतो. मोठा चेंडू झेलतो, टेनिसचा सुटतो. कात्रीनं कागद कापतो, रेघ सोडून. भोवऱ्याला जाळी गुंडाळता येत नाही, दुसऱ्यानं गुंडाळून दिला तरी फेकता येत नाही, पण तासभर बघत बसतो.

मुलगी मागं उभी राहून वाचत होती. म्हणाली, "माझं पान कुठाय?" आम्हाला वाटलं होतं ती मोठी झाली, तिचं काय लिहायचं. तिनं वही ओढून घेतली आणि स्वतःच लिहिलं, 'सायकलची सीट दोन इंच वर करायला झालीय. चेन पडली तर मला बसवता येत नाही.'

रविवारी पान्हा घेऊन बसायचंय.